सुईचा धोंडा

या, सावलीला बसा. उन्हात त्या धोंड्याचा फोटो नाहीतरी धड येत नाही. ओट्यावर बसलेत ते आमचे मालक. तुमचं गाव कोणतं म्हणून त्यांनी दोनदा विचारलंय, अजून एकदा विचारतील. सांगा पुन्हा, काय बिघडतं?

तर हा धोंडा. कमरेएवढा उंच, काळाशार, आणि वरच्या अंगाला आरपार भोक. भोकातून लाल दोरे लोंबतायत बघा. पलीकडे मुठाईचं देऊळ, आणि मधे हा मातीचा हौदा. चैत्रातल्या जत्रेला वरची पांगारी आणि खालची पांगारी, दोन्ही गावांचा एकेक गडी इथं उतरतो आणि हाताला कापडाची पट्टी गुंडाळून मुठीनं लढतो. कुस्ती नव्हे हो! कुस्तीत पाठ लागली की संपलं. इथं समोरचा उठेनासा होईपर्यंत संपत नाही. ज्या गावाचा गडी उभा राहील, त्या गावाची पालखी वर्षभर पुढं. एवढ्यासाठी सगळं.

आणि हौद्यात उतरायच्या आधी लढणाऱ्यानं या धोंड्यापाशी उभं राहून सगळ्यांदेखत सुई ओवायची. ओवली तर उतरायचं, नाहीतर पट्टी सोडून घरी जायचं. ही चाल कशी पडली ते ऐका.

फार मागं खालच्या पांगारीत सटवाजी नावाचा शिंपी होता, असं सांगतात. शिंपी आणि मुठीनं लढतो, म्हणून आधी लोक हसले. पण शिंप्याची नजर जिथं पडेल तिथंच त्याचा हात पडायचा. बोलता बोलता, सुईकडे न बघता दोरा ओवायचा म्हणे. तोच हात हौद्यात उतरला की समोरच्याला कळायचं नाही मूठ कुठून आली. नऊ वर्षं तो हरला नाही. नऊ वर्षं खालच्या पांगारीची पालखी पुढं.

आता जिंकणाऱ्यालाही मार बसतोच की! सुजतो, रक्त ओकतो, चार दिवस उजेड सहन होत नाही म्हणून घोंगडं ओढून पडतो. पण जिंकलेल्याचं डोकं कोण बघतंय? त्याच्या गळ्यातला हार बघतात.

बघितलं ते त्याच्या बायकोनं, नागूनं. सातव्या जत्रेनंतर एके दिवशी सटवाजी दोरा ओठानं ओला करून सुईपाशी नेत होता आणि दोरा आपला बाजूनंच जात होता. एकदा, दोनदा, दहादा. हात थरथरत होता. नागूनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "द्या इकडं, मी रिकामीच बसलेय." त्या दिवसापासून ती रोज सकाळी वीस सुया ओवून त्याच्या पुढ्यात उशीला टोचून ठेवायची. पुढं पुढं त्याला टाकाही घालता येईना. एकदा त्यानं गळ्याच्या जागी बाही जोडली. मग नागू दार लोटून स्वतःच शिवायला बसली. शिंप्याला सुई ओवता येत नाही हे कळलं तर गाव हसेल, हार घालणारे हात टाळ्या पिटतील, आणि ते तिला बघवणार नव्हतं. म्हणून तिनं झाकलं. बायका झाकतातच.

पण चालणं कसं झाकणार? सटवाजी एका अंगाला कलून चालायला लागला, जीभ जड झाली, बोलणं पाघळल्यासारखं येऊ लागलं. लोक आधी म्हणाले, प्यायला लागला वाटतं. मग देवळातला गुरव म्हणाला, "अरे, काय बोलता! मुठाईचं वारं आलंय त्याच्या अंगात. देवीचा हात थरथरतोय तो." झालं! त्या दिवसापासून गाव त्याच्या पाया पडायला लागलं. त्यानं ताट भिरकावलं की म्हणायचे देवी कोपली, आणि नागूच्या फुटलेल्या कपाळावर हळद भरून तिलाच सांगायचे, नशीबवान आहेस बाई. काय म्हणावं अशा लोकांना? आपल्याच माणसाचा मेंदू खचत चाललाय, आणि हे त्याला नारळ फोडतायत!

दहाव्या जत्रेच्या आधी नागू पाटलाच्या दारात गेली. म्हणाली, "पाटील, यंदा ह्यांना उतरवू नका."

पाटील म्हणाला, "अगं, माणूस थकतो. देवी थकते होय?"

"देवी कसली? त्यांना सुईसुद्धा ओवता येत नाही. तीन वर्षं झाली."

पाटील खो खो हसला. अंगावरची नवी बाराबंदी त्यानं तिच्यापुढं धरली. "परवाच शिवून आली तुमच्याकडून. असा टाका अख्ख्या मुलखात नाही, आणि म्हणे सुई ओवता येत नाही!"

"तो टाका माझा आहे."

कुणाला खरं वाटणार? तिनंच तीन वर्षं इतकं चोख झाकलं होतं. नवऱ्याच्या मोठेपणावर जळते मेली, असं म्हणून पाटलिणीनं तिला वाटेला लावलं.

जत्रेच्या दिवशी हौद्याभोवती दोन्ही गावं लोटली. सटवाजीच्या मुठींना पट्टी बांधायची तेवढी राहिली होती. नागू माणसं सारत पुढं आली आणि या धोंड्यापाशी तिनं त्याला अडवलं. हातात सुई दिली, दोरा दिला. "एवढी ओवा, आणि मग खुशाल जा."

सटवाजी हसला. सुई डोळ्यांपुढं धरली. दोरा बाजूनं गेला. पुन्हा धरली, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा सुईच खाली पडली. हलगी थांबली होती. नागूला वाटलं, आता तरी दिसलं ह्यांना. तेवढ्यात सटवाजीनं तिच्याकडे बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "बाई, आमची घरधनीण ओवून ठेवते रोज. तिला जरा हाक मारता का?"

सगळ्यांनी ऐकलं. पहिल्या रांगेतल्यांनी तर नक्कीच ऐकलं. पाटलानं गुरवाकडे बघितलं, गुरवानं हलगीवाल्याकडे बघितलं, आणि हलगी पुन्हा वाजायला लागली. नागूला धरून बाजूला केलं.

आणि जिंकला की हो तो! हाताला सवय होती, हाताला नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत. समोरचा पडला तरी सटवाजी मुठी वळून उभाच राहिला, संपलंय हे त्याला समजेना. तसाच खांद्यावर घेऊन लोक नाचले. खालच्या पांगारीची पालखी पुढं गेली, आणि तिसऱ्या दिवशी सटवाजी गेला.

तेराव्याचे दिवस झाल्यावर नागू इथं आली. तेव्हा धोंड्याला भोक नव्हतं. तीच पडलेली सुई तिनं धोंड्यावर टेकवली आणि म्हणाली, "मुठाये, तुझ्या दारात ज्याला सुई ओवता येणार नाही, त्याची मूठ वळू देऊ नकोस." कापडात जावी तशी सुई धोंड्यात शिरली आणि पलीकडून निघाली म्हणे. पुढची तीन वर्षं दोन्ही गावांच्या एकाही गड्याची मूठ वळली नाही, बोटं लाकडासारखी ताठ. तेव्हा कुठं गाव घाबरलं आणि ही चाल पडली.

आता चाल म्हणाल तर आजही पाळतात. मोठ्या थाटात, हलगी लावून. फक्त सुई आता पोती शिवायची दाभण आहे, भोकातून करंगळी जाईल एवढी, आणि दोऱ्याला गुरव मेण लावून तो ताठ करून देतो. कळत्या वयापासून एक गडी परत गेलेला या डोळ्यांनी पाहिला नाही. तुमच्यासारखे येतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात.

खरी सुई असते घरात. आजही जत्रेच्या आदल्या दिवशी पांगारीची बाई बारीक सुई नवऱ्यापुढं करते आणि म्हणते, जरा ओवून द्या हो, मला दिसत नाही. त्यानं ओवली तर बरं. नाही ओवली, तर ती हसून काढून घेते, स्वतः ओवते, आणि कुणाला बोलत नाही.

आमचे मालक आठ वर्षं उतरले. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला, म्हणाल्या, डोक्याला मार बसून बसून झालंय, हे भरून येत नाही. मग विचारलं, आजी, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? मी म्हटलं, आत्ताच की, दिवाळीपासून.

ते बघा, उठले. इकडंच येतायत. गाव विचारतील, सांगा त्यांना.