खडीची टेकडी

आंबेवडगावच्या माळावर ही जी काळी टेकडी दिसते, ती देवाने घातलेली नाही. ती माणसांनी फोडली आहे. मूठभर उचलून पाहा, सगळी खडीच. हिचा रस्ता कधी झाला नाही. करायचाही नव्हता, असे जुने लोक सांगतात.

मोठ्या दुष्काळात सरकारने इथे गरीबखाना काढला. भोवती भिंत, आत बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. फुकट खाऊन लोक आळशी होतात म्हणे! म्हणून दिवसाला चार पाट्या खडी फोडेल त्यालाच कण्या. साळ्यांची ठकू आपल्या सासूला, गोदाईला, पाठीवर घेऊन तिथे आली. जन्मभर मागावर चाललेले तिचे हात दोन दिवसांत सोलून निघाले. तरी ती स्वतःच्या चार पाट्या भरून सासूच्याही भरायची.

मुकादमाने ते पाहिले. "म्हातारीचं काम म्हातारीनंच करायचं. नाहीतर तिच्या कण्या बंद."

"अहो, तिला हातोडा उचलत नाही," ठकू म्हणाली.

"मग भूक बरी लागते?"

त्या दिवसापासून गोदाईच्या कण्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी ती कण्यांच्या रांगेत खाली बसली ती उठलीच नाही. ठकूने तिचे डोळे मिटले, पदर सारखा केला. रडली नाही. सासूचा हातोडा उचलून ती सरळ सरकारी धान्याच्या कोठीकडे गेली आणि कुलपावर घाव घालू लागली. मुकादम धावला, तशा रांगेतल्या बायका त्याला आडव्या झाल्या.

दार उघडले. आत आढ्यापर्यंत जोंधळ्याची पोती रचलेली होती.

काही जण सांगतात, देवीने त्या क्षणी कोठी भरली. खोटे आहे ते. कोठी आधीपासूनच भरलेली होती. चमत्कार म्हटला की कुणाला जाब विचारावा लागत नाही.

त्या दिवशी माळभर चुली पेटल्या. ज्यांना उठवत नव्हते, त्यांना ठकूने आधी भरवले. चौथ्या दिवशी शिपाई आले आणि तिला बेड्या घालून घेऊन गेले. ती परत आली नाही. पुढे पाऊसपाणी झाल्यावर लोकांनी ती भिंत पायापासून उखडली.

आजही चैत्रात गावजेवण ह्याच माळावर होते. पहिली पंगत म्हाताऱ्यांची, लुळ्यापांगळ्यांची, ज्यांच्याने काहीच काम होत नाही त्यांची. आणि एखादा पाहुणा "हे काय काम करतात?" असे विचारून बसला, तर त्याच्या पुढचे पान उचलले जाते.