मठामागची जागा

“एम्ब्रियो म्हंजी काय वो, महाराज?”

अंबादासने मठाच्या पायरीवरच विचारलं. त्याच्या बायकोचा गर्भ तिसऱ्या महिन्याच्या तोंडावर पडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई हा शब्द दोनदा बोलल्या, पण अर्थ विचारायचं धाडस त्याला झालं नाही. आता जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं त्याने छातीशी धरलं होतं.

माधवगीर बाबा खांबाला टेकून बसले होते. इंग्रजी शब्द म्हटल्यावर उत्तर अर्थातच त्यांच्या शिष्याने दिलं. सोमगीर कॉलेज करून मठात आला होता, आणि ते तो कोणाला विसरू देत नसे.

अगदी सुरुवातीची अवस्था, त्याने समजावलं. नुकतं कुठे घडायला लागलेलं. त्याला अजून मूल म्हणत नाहीत.

अंबादासने तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. तो त्याला नीट म्हणता आला नाही.

दात न आलेली लेकरं मठामागच्या जागेत पुरायची त्या गावची रीत होती. बायकोने खाटेवरून एवढंच मागितलं होतं, की त्याला तिथे माती द्या.

सोमगीरने मान हलवली.

“ती जागा लेकरांची आहे. हे ओढ्याला सोडून दे.”

अंबादास रडला नाही. ते घेऊन बायकोकडे कोणत्या तोंडाने जायचं, हेच त्याला कळेना. तो तिथेच उभा राहिला. बघवत नव्हतं.

बाबा उठले. त्यांनी गाठोडं मागून घेतलं आणि सोमगीरच्या हातांत ठेवलं.

“आता मला शिकीव तो शब्द.”

सोमगीरने तोंड उघडलं. फडकं अजून ओलं होतं. वजन असं नव्हतंच, तरी त्याने ते दोन्ही हातांनी सावरून धरलं.

“शिकीव की...”

“बाबा...”



मग सोमगीरने गाठोडं बापाच्या हातांत परत दिलं. झोपलेलं पोर देतात तसं, खाली हात धरून. कोपऱ्यातली कुदळ घेऊन तो मठामागे गेला. बाबा आणि अंबादास त्याच्या मागोमाग गेले.

तिथे त्याने वर न बघताच बाबांना विचारलं.

“खड्डा केवढा खणू?”

“पुऱ्या माणसाएवढा.”