कडू कंदाचा पहिला घास

एका डोंगराच्या पायथ्याशी, चार वाटा येऊन मिळतात तिथे, एक पेठ वसली होती. पेठेत एक राजा राहत होता आणि त्याच्या मुदपाकखान्यात हैबती नावाचा एक आचारी होता. हैबतीच्या हाताला चव होती. माणूस पानावर कसा बसला आहे यावरून त्याला किती भूक लागली आहे, हे त्याला कळायचं. पण लोक असं कौतुक फार दिवस करू लागले की माणसाला एक खोड लागते. आपल्याला सगळंच कळतं, असं त्याला वाटू लागतं. हैबतीलाही ती थोडीशी लागली होती.

त्या पेठेत निरनिराळ्या मुलखांतली माणसं येऊन राहिली होती. विणकर तेलंगणातून आले होते. मिठाचे व्यापारी समुद्राकाठून आले होते. कातकरी डोंगरातून उतरून पेठेच्या कडेला राहिले होते. ते मध आणि कंद विकायचे. आधी प्रत्येक आळीतून चुलीचा वेगळा वास यायचा. मग हळूहळू सगळीकडे एकच आमटी आणि एकच भाजी शिजू लागली. वेळ वाचतो, असं लोक म्हणत.

एकदा एक म्हातारा विणकर मरणाला टेकला. त्याने आपल्या आजीच्या हातचा एक पदार्थ मागितला. नाव सांगितलं, पण तो करतात कसा, हे आळीत कुणालाच आठवेना. म्हातारा तसाच गेला. ही गोष्ट राजाच्या कानावर गेली, तेव्हा त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याने हैबतीला बोलावलं. "आळीआळीत जा. म्हातारी माणसं आहेत तोवर विसरलेले पदार्थ शिकून घे. येत्या पौर्णिमेला साऱ्या पेठेची पंगत बसवू आणि तेच वाढू."

हैबती निघाला. विणकरांच्या आळीत पोचम्माने त्याला सर्वपिंडी शिकवली. तांदळाच्या पिठात तीळ आणि डाळ घालून ते भांड्याच्या आतल्या अंगाला थापायचं आणि मंद आचेवर भाजायचं. मिठाच्या व्यापाऱ्यांच्या घरी हलीमाबीने त्याला नारळाच्या पाण्यात आंबवलेल्या तांदळाचं सांदण शिकवलं. शिकवता शिकवता तिने विचारलं, "हैबतीभाऊ, तुम्ही चाखून का बघत नाही?"

"राजाच्या पंगतीचा नियम आहे, हलीमाबी. राजाने पहिला घास घेतल्याशिवाय अन्नाला कुणी तोंड लावायचं नाही. आचाऱ्यानेही नाही. लावलं तर पळी काढून घेतात. पळी गेली की आचारीपण गेलं. आता तर अंगवळणीच पडलंय."

"मग मीठ कसं कळतं?"

"वासावर."

"आणि सर्दी झाली म्हणजे?" हलीमाबी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हैबतीही हसला.

शेवटी तो पेठेच्या कडेला बारकीआजीच्या झोपडीत गेला. ती कातकऱ्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई. तिने त्याला डोंगरातला कडू कंद दाखवला. "दुष्काळात यानेच आमची माणसं जगवली," ती म्हणाली. "चिरायचा, राख चोळून उकडायचा. मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचा. सकाळी पुन्हा उकडायचा. आणि रांधणाऱ्याने पहिला घास खायचा. काठी रोवायची. काठीची सावली हातभर सरकेतो बाकीच्यांनी नुसतं बसायचं. मग जेवायचं."

"हे असं का गं, आजी?"

"का ते मला काय ठाऊक? आई करायची. तिची आई करायची."

हैबती मान हलवून निघाला. त्याला मनातून हसू येत होतं. दुष्काळातली भुकेली माणसं काठीच्या सावलीकडे बघत कशी बसत असतील, असं त्याला वाटलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कामाची एकच गर्दी उडाली. कंद चिरून झाला, राख लावून उकडून झाला. आता टोपल्या ओढ्यावर न्यायच्या होत्या. ओढा पेठेच्या खाली, धोबीघाटापलीकडे. तिथे रात्रभर कोण बसणार? राजाचा आचारी काय कुत्री हाकत टोपल्या राखणार? शिवाय सांदणाचे तांदूळ वाटायचे होते. हैबतीने एक मोठा हंडा भरून घेतला आणि कंद त्यात बुडवला. पाणी ते पाणी, तो म्हणाला. तरी जीव राहीना म्हणून त्याने मध्ये उठून पाणी बदललं आणि सकाळी कंद पुन्हा उकडला. पहिल्या घासाचं तर त्याने मनावरच घेतलं नाही. तो राजाच्या नियमातच बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर वाड्याच्या खांबांपुढच्या अंगणात पंगत बसली. साऱ्या आळ्यांतली माणसं होती. पोचम्मा होती, हलीमाबी होती, बारकीआजी होती. राजाशेजारी त्याची लहान मुलगी मांडी घालून बसली होती. पानावर एका बाजूला सर्वपिंडी, एका बाजूला सांदण आणि मधोमध तूप-जिरं घातलेला कडू कंद. पांढराशुभ्र, मऊ. वास असा की लोक आवंढे गिळू लागले. राजाच्या पहिल्या घासाची सगळे वाट पाहत होते.

हैबती पंगतीतून फिरत होता. बारकीआजी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचं पानाकडे लक्षच नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती.

तो वाकून हळूच म्हणाला, "आजी, आता महाराज घास घेतील. मग तूही घे."

"तू कधी खाल्लास?"

"इथे राजाच्या आधी कुणी खात नाही."

"मग कंद बरा झाला का नाही, ते तुम्हाला कोण सांगतं?" तिने साधेपणाने विचारलं. मग तिचा चेहरा बदलला. "ओढ्यात होता ना रे रात्रभर?"

"पाण्यात होता."

"वाहत्या?"

हैबतीने मनात तोललं. 'हो' म्हटलं तर म्हातारी गप्प बसेल. कदाचित काहीच होणार नाही. पाणी तर बदललं होतं. कंद किती मऊ शिजला आहे! आणि नाही म्हटलं तर साऱ्या पेठेसमोर नाक कापलं जाईल. त्याने मान वर केली. राजाने पहिला घास कंदाचाच उचलला होता. त्याचं बघून लहान मुलीनेही बोटांत एक फोड धरली होती.

"थांबा!" हैबती ओरडला. "महाराज, खाली ठेवा! कुणी खाऊ नका!"

पंगत जागच्या जागी थिजली. मुलीने दचकून फोड टाकली. राजाने घास पानात ठेवला. "काय झालं?"

"महाराज, आजीने कंद वाहत्या पाण्यात ठेवायला सांगितला होता. मी हंड्यात ठेवला. कंद बरा झाला की नाही, मला माहीत नाही."

"मग कळणार कसं?"

"खाऊन, महाराज."

हैबतीने एका पानातली फोड उचलली. समोर राजा होता. राजाने अजून काहीच खाल्लं नव्हतं. ही फोड तोंडात गेली की पळी गेली, हे त्याला ठाऊक होतं. त्याने फोड खाल्ली. बारकीआजीने न सांगता आपली काठी मातीत रोवली आणि सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवला.

सावली मुंगीच्या पावलाने सरकत होती. ती खड्यापासून वीतभर गेली असेल नसेल, तोच हैबतीच्या घशात काटे रुतल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे खांब फिरू लागले. त्याला कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या. बारकीआजीने त्याला चिंचेचं पाणी पाजलं, पाठ चोळली, तेव्हा कुठे तो माणसात आला.

राजाचा कारभारी अंताजी उठून उभा राहिला. "महाराज, उघड आहे. या म्हातारीने विष शिकवलं. धरा तिला. आणि या लोकांच्या झोपड्या पेठेबाहेर घालवा."

शिपाई पुढे झाले. बारकीआजीने फक्त आपलं लुगडं आवरलं, जणू अशा वेळा तिला नव्या नव्हत्या.

हैबतीला नीट उभं राहवत नव्हतं. तो खांबाला धरून उठला. आता गप्प बसणंही सोपं होतं. माणूस आजारी आहे, त्याला कोण विचारणार?

"कारभारीसाहेब, तिला हात लावू नका," तो म्हणाला. "तिने सांगितलं ते बरोबर होतं. टोपल्या ओढ्यावर न्यायची मला लाज वाटली. मोडलं ते मी मोडलं."

"तुला काय माहीत बरोबर होतं?" अंताजी म्हणाला. "वाहत्या पाण्यातला कंदही असाच असेल. बघितलायस खाऊन?"

"नाही," हैबती म्हणाला. "उद्या बघतो."

पंगतीत कुजबुज झाली. राजा म्हणाला, "ठीक आहे. उद्या याच वेळी. हैबती, तू पडलास तर म्हातारीला शिक्षा होईल. कातकऱ्यांनाही जावं लागेल. समजलं?"

"समजलं, महाराज."

बारकीआजीला चौकीत बसवलं. हैबतीने नवा कंद चिरला. राख लावली, उकडला, टोपल्या स्वतः डोक्यावर घेऊन धोबीघाट ओलांडून गेला आणि रात्रभर ओढ्याच्या काठी बसून राहिला. पाणी टोपल्यांतून गढूळ निघत होतं, मग फिकट, मग पहाटेकडे स्वच्छ. हंड्यात जे बसून राहिलं होतं ते इथे वाहून जात होतं. हैबती ते बघत राहिला. त्याच्या घशात अजून काटे होते. सकाळी त्याने कंद पुन्हा उकडला.

दुसऱ्या दिवशी पंगत पुन्हा बसली. यावेळी कुणी आवंढे गिळत नव्हतं. शिपायांनी बारकीआजीला आणून बसवलं. हैबती पान घेऊन मध्ये आला. कंदाचा वास नाकात जाताच त्याने उचललेला घास पुन्हा पानात ठेवला. डोक्याला पटलं होतं, पण शरीर ऐकेना.

"भ्यालास होय रे?" बारकीआजी म्हणाली.

"भ्यालो, आजी."

"मीही दर वेळी भिते. खा."

त्याने घास घेतला. चावला. गिळला. काठी रोवली होती, खडा ठेवला होता. सावली वीतभर सरकली. इथेच काल तो पडला होता. हैबतीने घशाकडे हात नेला. अंताजी एक पाऊल पुढे आला. राजाची मुलगी बापाच्या अंगाला चिकटून बसली. हैबतीने नुसता घाम पुसला आणि हात खाली घेतला. सावली पुढे गेली. वीतभराहून जास्त झाली. पोचम्मा पुटपुटत होती. हलीमाबीने डोळे मिटून घेतले होते. सावली हातभर झाली.

हैबती उभा होता. "महाराज," तो म्हणाला, "आता जेवा."

राजाने पहिला घास घेतला आणि मग मुलीला भरवला. पंगतीने मोठा श्वास सोडला. शिपाई बारकीआजीपासून बाजूला झाले. अंताजी खाली मान घालून आपल्या पानावर जाऊन बसला.

राजा खाता खाता थांबला. "हैबती, तू दोन दिवस माझ्याआधी अन्नाला तोंड लावलंस. तो नियम माझ्या आजोबांनी घातला. कशासाठी, ते मला माहीत नाही. पण माहीत नाही म्हणून तो आज इथल्या इथे मोडला, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय? म्हाताऱ्यांना विचारीन, मग ठरवीन. तोवर पळी खाली ठेव."

हैबतीने पळी पुसली आणि राजापुढे ठेवली. आयुष्यभर धरलेली वस्तू खाली ठेवताना हात क्षणभर तिथेच राहिला. मग तो मागे फिरला.

"कुठे निघालास?" राजा म्हणाला. "आता तू आचारी नाहीस. म्हणजे पेठेतला माणूस आहेस. पंगतीला बस."

हैबतीला बसायचं कसं तेच उमजेना. सारं आयुष्य त्याने पंगत उभ्याने पाहिली होती. बारकीआजीने सरकून जागा केली. तो तिच्या शेजारी बसला आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला वाढलं. आजीने सावकाश एक घास खाल्ला. मग दुसरा. हैबती तिच्या तोंडाकडे बघत होता.

"का गं, आजी? बरा झालाय ना?"

"बरा झालाय," बारकीआजी म्हणाली. "पण मीठ कमी पडलंय, बाबा. पुढच्या खेपेला चाखून घाल."

तात्पर्य: जुन्या माणसांकडून पदार्थ घ्यावा तो त्याच्या खटपटीसकट घ्यावा. कारण कळत नाही म्हणून एखादी पायरी गाळू नये. आणि गाळलीच, तर दुसऱ्याच्या तोंडात घास जाण्याआधी ते आपल्या तोंडाने सांगावं.