ब्रेकवरचं संशयी रबर

गाडीचे सुटे भागसुद्धा एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. सखाहरी ड्रायव्हरच्या व्हॅनमध्ये ब्रेकच्या पेडलवरचं रबर भारी संशयी होतं. सखाहरीचा पाय त्यावरून सटकला की ते शेजारच्या क्लचला म्हणे, "त्याची चप्पलच लबाड आहे, बघ!"

एकदा घाटात पाय असा सटकला, की व्हॅन एका शेळीपासून वीतभर अंतरावर थांबली. घाबरलेल्या सखाहरीने वाकून रबरावरून अंगठा फिरवला.

"आता हा काय चोरायला आलाय?" रबर गुरगुरलं.

"चोरायला उरलंय काय? तुझ्या खाचा कधीच झिजल्या," क्लच म्हणाला.

"खोटं! त्या चपलेनेच चोरल्या!"

सखाहरीने नवं रबर आणून ब्रेकवर चढवलं. जुनं फेकायला उचललं, तर ते त्याच्या बोटांतूनही सटकलं.

क्लचने हळूच विचारलं, "काय रे, त्याने हातातही चप्पल घातलीय का?"