मुकुंदशेठचं व्रत

एका गावात मुकुंदशेठ नावाचा एक कारखानदार राहत होता. त्याच्या हातमागांवर गावच्या निम्म्या बायका लुगडी विणत. प्रत्येकीच्या मजुरीतली पसाभर ज्वारी शेठच्या हातून वैद्याच्या कणगीत पडे, आणि त्याबदल्यात वैद्य त्यांना लागेल ते औषध देई. शेठ माणूस वाईट नव्हता. मोठा भाविक होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

एकदा त्याने सटवाईचं व्रत घेतलं. जन्मल्या बाळाच्या पाचवीला येऊन त्याचं नशीब लिहिते, ती सटवाई. "येणारा जीव अडवणं म्हणजे देवीचा हात धरणं," शेठने वैद्याला बजावलं. "दिवस राहू नयेत म्हणून देतोस ती पुडी माझ्याकडच्या एकाही बाईला मिळता कामा नये."

हे ऐकून विणकरीण गोजरा धावत आली. मागच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर तू हाती लागायची नाहीस, असं सुईणीने तिला स्पष्ट सांगितलं होतं.

"मालक, व्रत तुमचं. पोट माझं. आणि कणगीतली ज्वारीबी माझ्याच घामाची."

"देवी बघून घेईल," शेठ म्हणाला. त्याला अगदी पवित्र वाटलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना असंच वाटतं.

वर्ष सरायच्या आत गोजरा बाळंत झाली, आणि मुलीला मागे ठेवून गेली.

पाचवी आली. पूजा मांडायला घरात बाईमाणूस नव्हतं. नवरा ओट्यावर खुळ्यासारखा बसलेला. शेठला राहवलं नाही. दिवेलागणीला तो स्वतः गेला, पाटा मांडला, त्यावर सटवाईसाठी कोरा कागद आणि कोरडी लेखणी ठेवली, आणि बाळाजवळ बसला.

वारा नसताना पणती बारीक झाली. मुलगी झोपेत हसू लागली. पाट्यापलीकडे एक म्हातारी बसली होती. दार वाजलं नव्हतं. ती मुलीच्या कपाळावर बोट फिरवत होती.

शेठने हात जोडले. "आई, तुझं लिहिणं कुणी अडवू नये म्हणूनच सगळं केलं."

"गोजराच्या कपाळी मी नातवंडं लिहिली होती," म्हातारी म्हणाली. रिकाम्या रांजणातून यावा तसा तिचा आवाज. "अर्ध्यात कुणी खोडलं?"

"मी नाही, आई!"

"हात बघ."

शेठने तळवे उजेडात धरले. घरात शाईचा थेंब नव्हता. तरी दोन्ही तळवे काळेभोर, ओले होते. त्याने वर पाहिलं, तर पलीकडे कुणीच नाही. मुलगी मात्र हसायची थांबून त्याच्याकडे टक लावून बघत होती.

सकाळ होताच त्याने वैद्यावरची बंदी उठवली. बायकांना पुडी मिळू लागली. शेठ नदीवर बसून वाळूने, राखेने, रिठ्याने हात घासत राहिला. डाग गेला नाही, आणि गोजराही परत आली नाही.

तात्पर्य: ज्याचं व्रत त्यानेच उपास करावा, दुसऱ्याच्या जिवावर पाळलेला धर्म देवापर्यंत पोचत नाही.