ओटीतलं रान

डोंगर कुणी बोडका केला, ते सगळ्यांना माहीत असतं. नाव मात्र कुणी घेत नाही. कोळशाच्या भट्ट्या विझतात, भट्टीवाले निघून जातात आणि गाव आभाळाकडे बघत बसतं.

फार वर्षांपूर्वी आवळखोऱ्यात असंच झालं. झाडं गेली, पाऊस लहरी झाला, ऊन वाढलं, आणि डोंगरावरचा झरा बारीक झाला. तो आटला असता तर गावच उठलं असतं. लोकांनी देवराईतल्या एका ऐनाच्या झाडाचं बी आणून रोपं लावली. देवाचं झाड मरणार नाही, असा भरवसा होता. सगळी रोपं एकाच उन्हाळ्यात करपली.

तेव्हा शेळ्या राखणारी धुरपाआत्या म्हणाली, "एकाच आईची लेकरं ती. एकाला सोसलं नाही, की कुणालाच नाही. परक्या गावची झाडं आणून बघू की!"

"परक्या गावचं इथं रुजलंय कधी?" पाटील म्हणाले.

"सुना रुजल्या की."

असं म्हणतात, त्या दिवसापासून ती वेशीवर बसली. वरात आली की नवरीला अडवायची. "ओटीत माहेरच्या रानातलं बी आहे का? नाही? मग नवरीचे मामा, पळा माघारी बी आणायला!"

एक विहीणबाई फणकारली, "पोरीच्या ओटीत कचरा भरू?"

"भर बाई. नारळ तर उद्याच फोडून खाल."

कोकणातून बेहडा आला, दुष्काळी माळावरून अंजन, खैर, हिवर आले. कोणतं टिकेल, हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. तिला बघायचं होतं. हिवराच्या शेंगा ती शेळ्यांना चारी आणि लेंड्यांतून पडलेलं बी पळसाच्या द्रोणात रुजवी. असं म्हणतात, प्रत्येक रोपाशी ती त्याच्या माहेरच्या बोलीत बोले. धुकं उतरलं की रोपं द्रोणासकट डोंगर चढत, आणि ज्याला जिथं मानवेल तिथं उभं राही.

पुढं एका वर्षी पाऊस आलाच नाही. कोकणातली रोपं माना टाकू लागली, तेव्हा माळावरचा हिवर एका दिवसात वाढला आणि त्यांच्यावर सावली धरून उभा राहिला. झरा आटला नाही. गाव उठलं नाही. आत्या मात्र एका सकाळी रोपांमागोमाग धुक्यात गेली, ती परतलीच नाही.

आजही आवळखोऱ्यात नवरी माप ओलांडण्याआधी ओटीतलं बी वेशीवरच्या वाफ्यात पेरते. परवाच्या लग्नात नवरीच्या मामानं अंजनाचं बी आणलं होतं. ते मातीआड झाल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडचं अंजनाचं शेवटचं झाड यंदाच्या उन्हात गेलं. आता पोरीला भेटायला आलो, की तेही भेटेल."