पगडीखालची खाज

संस्थानातल्या मुलींच्या शाळेत उवा झाल्या, तेव्हा दिवाणसाहेबांनी हुकूम काढला, "जिचा हात डोक्याकडे जाईल तिचे मुंडण करा आणि तिला शाळेतून काढा. हे घाणेरड्या घरांतले रोग!"

पहिल्याच दिवशी शेवंती डोके खाजवताना सापडली. तिची आई गेल्या साली वारली होती. आईसारखी लांब वेणी आता मावशी, द्वारकाबाई, रोज घालून देई. कचेरीत न्हावी वस्तरा परजत असताना द्वारकाबाई पुढे झाली.

"साहेब, ऊ घर बघून येत नाही. पोरी खेळताना डोक्याला डोके लावतात, तेवढ्यात ती चालत पलीकडे जाते. फणीने निघेल."

"बाई, हिने डोके खाजवले की नाही?"

"खाजवले. पण ऊ कशी चालते तेही ऐका. मानेवरून हळूच वर येते. केसाला धरत धरत कानामागे जाते. तिथे थांबते, चावते, मग पुन्हा सरकते, अगदी हळू..."

कारकुनाने मान चोळली. न्हाव्याने वस्तऱ्याच्या मुठीने कान खाजवला. दिवाणसाहेबांनी पगडी किंचित उचलून आत बोट घातले.

द्वारकाबाई नम्रपणे म्हणाली, "साहेब, हुकूम आपलाच आणि न्हावीही हजर आहे. आधी कोणाला बसवायचे?"

बोट पगडीतच राहिले. कचेरी खो-खो हसली.

दुसऱ्या दिवशी शाळेत दिवाणसाहेबांच्या खर्चाने फण्या आल्या. शेवंती वेणी झुलवत वर्गात जाऊन बसली.